बेंबीचा रंग

सोयाबीनचं फूल उमलतं
तेव्हा त्याचं लग्न लागून गेलेलं असतं,
घरातल्या घरात, दार लोटून.
म्हणून इसोगाईबाई त्याला आदल्या दिवशीच गाठत.
गुडघ्याखाली पोतं, कपाळावर भिंग,
हातात घड्याळजीचा चिमटा.
कळी भाताच्या दाण्याएवढी.
आधी हिरवं निदल सोलायचं, मग पाकळ्या उपसायच्या,
मग पुंकेसर, दहाच्या दहा.
"नऊ काढलेस तर एकही काढला नाहीस,"
असं त्या मला पहिल्या उन्हाळ्यात म्हणाल्या.
मी नऊच काढले होते.

आई इथलीच, तोकाचीच्या पठारावरची, पांढऱ्या फुलाची,
गारठ्याला न भिणारी
आणि चवीला भुसा.
बाप दक्षिणेकडचा, जांभळा, गोड,
समुद्रावरून धुकं आलं की हातपाय गाळणारा.
शंभर कळ्यांना शंभर लाल दोरे बांधले.
ऑक्टोबरात त्यातल्या चौदा दोऱ्यांना शेंग होती.

वसंतात ट्रेमधली रोपं वर आली
आणि आम्ही चौघं ओणवे होऊन
त्यांच्या कोवळ्या देठांचे रंग बघत बसलो.
हिरवा देठ म्हणजे आपला हात चुकला,
आईनं आपल्याशीच संसार केला.
जांभळा देठ म्हणजे
कुणीतरी खरंच उंबरा ओलांडून आत आलं होतं.
सव्वीसातली अकरा जांभळी.
इसोगाईबाईंनी हातमोजे काढले आणि चहा ओतला.
एरवी त्या चहा ओतत नसत.

पहिली पिढी सगळी एका साच्यातली.
दुसरीत मात्र घर फुटलं:
कुणी उंच, कुणी बसकं,
कुणाच्या अंगावर तपकिरी लव, कुणाच्या राखाडी,
एका पंगतीला बसलेली
आणि एकमेकांना न ओळखणारी भावंडं.
एका झाडाची एकच शेंग घ्यायची,
पेरायची, पुन्हा एकच शेंग.
हिवाळ्यामागून हिवाळे गेले.
नावं नव्हतीच, आकडे होते,
आणि आकड्यांत शेवटी एक उरला: चव्वेचाळीस-सतरा.

दोन किलो घेऊन आम्ही हिराइवांच्या दुकानात गेलो.
त्यांनी रात्रभर भिजवलं, दळलं, उकळलं, गाळलं,
खारं पाणी सोडून लाकडी साच्यात दाबलं.
तोफूवर अंगठा टेकला,
अंगठा मागे आला.
एक तुकडा नुसताच खाल्ला, सोयासॉसशिवाय,
आणि भिंतीकडे बघून विचारलं,
"हे बी कुठं मिळतं?"
"अजून कुठंच नाही."

त्याच वर्षी फुलोऱ्याच्या आठवड्यात
पारा तेराच्या वर चढला नाही.
दाण्यांच्या पिवळ्या बेंबीभोवती
तपकिरी डाग उतरला, चहाचा कप ठेवल्यासारखा.
साल तडकली.
समितीनं पांढऱ्या ताटलीत दाणे पसरले,
ताटली एकदा फिरवली,
आणि वहीत लिहिलं: थंडीत डाग. काम थांबवावं.
चव कुणी विचारली नाही. तो रकाना पुढच्या पानावर होता.

इसोगाईबाई काही बोलल्या नाहीत.
दोनशे ग्रॅम पाकिटात भरून शीतगृहात ठेवले,
वर तारीख घातली, मार्चमध्ये निवृत्त झाल्या.

आता आम्ही रोपाच्या पानातून टिकलीएवढा तुकडा कापतो
आणि फूल यायच्या आधीच वाचतो त्याची कुंडली.
डागाची जागा एका गुणसूत्रावर,
गोडव्याची भलत्याच दुसऱ्यावर.
त्यांचं आपसात काही भांडण नव्हतंच,
योगायोगानं एका गाडीत बसले होते इतकंच.
मी पाकीट काढलं.
पोतं अंथरलं. दहा मोजले, मोठ्यानं.

हिराइवा दर ऑक्टोबरात फोन करतात.
यंदा मी सांगितलं, पुन्हा सुरू केलंय,
आता जरा लवकर होईल,
तरी सहा वर्षं.
पलीकडे शांतता. ते आपलं वय बोटांवर
मोजत असावेत, मला तसं वाटलं.
मग म्हणाले,
"बरं. तोवर पोरीला अंगठा टेकायला शिकवतो."